रीलवाल्याने सांगितलं म्हणून रिटर्न भरताय? या चुका टाळा

जुलै आला, इन्कम टॅक्स रिटर्न भरायचे दिवस आले, की माझ्या दादरच्या ऑफिसात (ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा प्रिंटर) रोज एक तरी जण मोबाईल पुढे करतो, "काका बघा ना, कापलेला सगळा टॅक्स परत मिळतो म्हणतायत." तीस सेकंदांचं रील. मी आता बघतही नाही, आधी विचारतो फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीने दिलेला दाखला) कुठाय. तो आणलेला नसतो.

सगळ्यात महागात पडते ती टक्केवारीवर रिफंड काढून देणाऱ्याची भानगड. लालबागचा एक पोरगा, ओळखीतलाच, बरी नोकरी. २०२४ च्या जुलैत टेलिग्रामवरच्या कुणाकडून तरी रिटर्न भरून घेतलं, फी रिफंडच्या १० टक्के. गणपतीच्या आधी ३१,२०० खात्यात आले, त्यातले ३,१२० त्या एजंटला दिले, पोरगा खूश, चाळीत चार जणांना नंबर पण वाटला. पुढच्या वर्षी माझ्याकडे आला तेव्हा जुनं रिटर्न उघडलं तर कलम ८०जीजीसी खाली दीड लाखांची वजावट (टॅक्स काढण्याआधी उत्पन्नातून वगळायची रक्कम), म्हणजे राजकीय पक्षाला देणगी! म्हटलं कुठल्या पक्षाला दिलीस रे? तर म्हणे, "काका, मी वर्गणी फक्त मंडळाला देतो."

आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ईमेल, मोबाईल दोन्ही त्या एजंटचे, त्यामुळे इन्कम टॅक्स खात्याचे इशाऱ्याचे मेल सगळे तिकडेच जात होते. त्याचा नंबर लावला तर बंद. १४ जुलै २०२५ ला इन्कम टॅक्सवाल्यांनी असल्याच खोट्या वजावटींवर देशभर तपासणी काढली, तोवर चार महिन्यांत जवळपास ४०,००० जणांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे क्लेम मागे घेतले होते, म्हणजे हा काही एकटा नव्हता. आम्ही अपडेटेड रिटर्न, म्हणजे चूक सुधारून उशिरा भरायचं रिटर्न, भरलं. ३१,२०० परत, त्यावर व्याज, आणि या दोन्हींच्या बेरजेवर २५ टक्के जादा. नोटीस येईपर्यंत थांबला असता तर खोटी माहिती दिली म्हणून टॅक्सच्या दुप्पट दंड लागू शकतो. पॅन तुमचं असतं, रीलवाल्याचं नाही.

दुसरं माझं डोकं फिरवणारं वाक्य, "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही." २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये (कमी दर, पण बहुतेक वजावटी नाहीत अशी टॅक्सची पद्धत) सूट आहे, खरंय, पण ती शेअर्सच्या नफ्याला लागू नाही हे रीलमध्ये कोण सांगणार? समजा पगार १०.७५ लाख, ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला मिळणारी ठरावीक वजावट) गेलं की उरले १० लाख, त्यावर शून्य. पण वर्षाच्या आत शेअर विकून एक लाख कमावले असतील तर त्यावर २० टक्के आणि सेस, म्हणजे २०,८०० भरायचेच. एकूण ११ लाखच होतात ना, असं म्हणून माझ्याशी वाद घालू नका.

आईला भाडं दाखवून एचआरए (घरभाडे भत्त्यावरची सूट) घेणं चालतं, पण जुन्या रिजीममध्येच, आणि भाडं खरंच तिच्या खात्यात जायला हवं, तिच्या उत्पन्नात दिसायला हवं. नुसत्या पावत्या छापून आणणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

बायकोच्या नावावर एफडी केली की व्याज सुटतं? नाही, तुमच्याच उत्पन्नात धरतात.

एफ अँड ओ (शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) केलंय आणि आयटीआर-१ (पगारदारांचा साधा फॉर्म) भरताय? चुकीचा फॉर्म.

रिटर्न भरून ई-व्हेरिफाय (ते तुम्हीच भरलंय याची ऑनलाइन खात्री) करायचं राहिलं? ३० दिवस असतात, लगेच करा.

माझी सवय जुनाट आहे. काहीही भरायच्या आधी एआयएस आणि २६एएसची (तुमचं उत्पन्न आणि कापलेला टॅक्स यांच्या इन्कम टॅक्सकडच्या नोंदी) प्रिंट काढतो, लाल पेनाने एकेक ओळ बँक स्टेटमेंटशी टिक करतो. अर्धा तास जातो. नवीन पोरांना तेवढाही धीर नसतो, त्यांना दोन मिनिटांत रिफंडचा आकडा हवा. पोर्टलचा पासवर्ड मात्र घरी गेल्यावर बदला, मला दिला असलात तरी.

लालबागचा पोरगा परवा आला होता, चाळीतल्या त्या चौघांपैकी दोघांना घेऊन.