एसटीत रुमाल टाकल्यासारखं क्लाउड मशीन धरू नका

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर गारगोटीची गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोप्या, पिशव्या सीटवर पडलेल्या असतात. रुमालवाला अजून खाली भजी खात असतो आणि आत चढलेली म्हातारी दांडी धरून उभी असते. आमच्या मशीनवर आठवड्यातून दोनदा तरी हेच होतं. एसटीतला रुमाल निदान दिसतो तरी. मशीनवरचा शोधून काढावा लागतो.

मी राजारामपुरीतल्या एका सामायिक ऑफिसात बसते. आम्ही चार छोट्या टीम आहोत. एक टीम शिरोलीच्या फाउंड्र्यांसाठी कास्टिंगचे फोटो बघून ब्लोहोल आणि चिरा ओळखणारं मॉडेल बनवते. दुसरी हुपरीच्या चांदीवाल्यांचा स्टॉक सांभाळते, तिसरी साखर कारखान्यांसाठी ऊसबिलांचे रिपोर्ट काढते. चौथी टीम म्हणजे प्रोजेक्ट करणारी दोन कॉलेजची पोरं. चौघांत मिळून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं, मुंबईच्या डेटा सेंटरमधलं एक मशीन घेतलंय: ८ प्रोसेसर, ३२ जीबी मेमरी आणि १६ जीबीचं टी-फोर ग्राफिक्स कार्ड. बिल भिशीसारखं वाटून घेतो आणि भिशीची वही माझ्याकडे असते. म्हणून शिव्याही माझ्याकडेच येतात.

आधी आमचा स्वतःचा सर्व्हर होता, शाहूपुरीत तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि तो पाण्यात गेला. २०२१ च्या जुलैत परत पूर आला, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, पण तोवर आमचा डेटा मुंबईत कोरडा बसला होता. एवढा फायदा मिळाल्यावर क्लाउडबद्दल तक्रार करायला मला जीभ उचलत नाही. फक्त घरचा सर्व्हर रात्रभर चालू राहिला तर थोडी वीज जायची. इथं चालू राहिला तर रिक्षा उभी करून मीटर चालू ठेवल्यासारखं होतं.

नवीन माणूस आला की त्याला शेजारी बसवून जे सांगते, ते आता एकदाच लिहून ठेवते.

चढायच्या आधी आत बघा

लॉगिन झाल्या झाल्या स्वतःचं काम सुरू करू नका. आधी नुसतं 'डब्ल्यू' टाइप करून एंटर मारा. कोण कोण आत आहे ते दिसेल, आणि वर उजवीकडे लोडचे (सरासरी किती कामं प्रोसेसर मागतायत त्याचे) तीन आकडे दिसतील: मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. आमच्याकडे प्रोसेसर ८, म्हणजे लोड ८ च्या आसपास असेल तर गाडी भरलेली आहे. १६ असेल तर लोक टपावर बसलेत, तुम्ही खालीच थांबा. मग 'एचटॉप' उघडून मेमरी किती शिल्लक आहे ते बघा.

कार्ड वापरायचं असेल तर 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. त्यात दोन आकडे महत्त्वाचे असतात आणि सगळे एकच बघतात. तो म्हणजे कार्ड किती टक्के राबतंय. दुसरा म्हणजे कार्डाची मेमरी किती अडकली आहे. राबणं ० टक्के आणि मेमरी १६ पैकी १४ जीबी अडकलेली असं दिसलं, तर तो रुमाल समजा.

मागे फाउंड्रीच्या टीमचा पोरगा वैतागून आला. "ताई, मशीन मोकळंच हाय की. तरी माझं ट्रेनिंग मेमरी न्हाई म्हणून पडालंय." बघितलं तर सहा दिवसांपूर्वी सुरू केलेली एक पायथन प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) तशीच बसून होती, प्रोजेक्टवाल्या पोराच्या नावावर. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी तर ब्राउजर त्याच दिवशी बंद केला की, ताई."

त्यानं खरंच केला होता. पण ज्युपिटर नोटबुकची, म्हणजे ब्राउजरमध्ये कोड लिहून चालवायच्या पानाची, टॅब बंद केली म्हणजे दार ओढून घेतलं, एवढंच. आतला कर्नल, म्हणजे मशीनवर कोड चालवणारा प्रोग्रॅम, जागाच राहतो आणि त्यानं घेतलेली मेमरी मुठीत धरून बसतो. त्यामुळे उठताना कर्नलच्या मेनूत जाऊन शटडाउन करा, किंवा 'रनिंग' च्या यादीत जाऊन आपल्या नावाचं सगळं बंद करा. मग परत एकदा 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवून खात्री करा. या कामाला अर्धं मिनिटही लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटाच्या आळसापायी फाउंड्रीवाल्याची अख्खी सकाळ गेली होती.

टेन्सरफ्लो (मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तो सुरू झाला की मुळात कार्डाची जवळपास सगळी मेमरी आपल्या नावावर करून घेतो, काम दोन जीबीचं असलं तरी. 'मेमरी ग्रोथ' नावाचं सेटिंग पहिल्याच ओळीत चालू करा, म्हणजे लागेल तशी मेमरी घेईल. हे माहीत नसणं हा गुन्हा नाही. माहीत झाल्यावर तसंच चालवणं मात्र मी वहीत लिहून ठेवते.

किती घ्यायचं

सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत 'एन-जॉब्स' ला मायनस एक देण्याची सवय इंटरनेटवरच्या नमुना कोडमधून लागते. मायनस एक म्हणजे 'असतील तेवढे सगळे प्रोसेसर'. स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल द्या. इथं ४ लिहा. शिवाय काही लायब्रऱ्या आपापले थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) न विचारता उघडतात. तुम्ही ४ प्रोसेस सुरू केल्या आणि प्रत्येकीनं आतून ८ थ्रेड उघडले, तर ८ प्रोसेसरवर ३२ जण भांडतात आणि तुमचं स्वतःचं कामही हळू होतं. 'ओएमपी-नम-थ्रेड्स' हा व्हेरिएबल २ वर ठेवला की हे मिटतं.

लांबलचक, घाई नसलेलं काम असेल तर कमांडच्या आधी 'नाइस' लावा. याची पट्टी उणे २० पासून १९ पर्यंत असते. १९ म्हणजे सगळ्यात सोशिक: दुसऱ्या कुणाला प्रोसेसर हवा असेल तर स्वतः अगदी थोडाच घेणार. रात्रीच्या सगळ्या कामांना १९ लावायचं असा आमचा रिवाज आहे. पण नाइस लावलं म्हणून निर्धास्त राहू नका. तो फक्त प्रोसेसरची पाळी सांभाळतो, मेमरी आणि कार्ड त्याच्या हातात नाही.

मेमरी संपली की काय होतं ते एकदा समजून घ्या. मशीन वाचवण्यासाठी त्यावरची लिनक्स सिस्टिम कुणाचं तरी काम मारते, आणि सहसा ज्यानं जास्त मेमरी घेतली आहे त्याचंच मारते. म्हणजे सकाळपासून २० जीबी घेऊन शिस्तीत चाललेलं ऊसबिलांचं काम मरतं आणि आत्ता १२ जीबीची फाइल बेफिकीर उघडणारा शाबूत राहतो. मोठी सीएसव्ही असेल तर तुकड्यातुकड्यानं वाचा.

डिस्कबद्दल फार बोलत नाही. ट्रेनिंगच्या प्रत्येक फेरीचा चेकपॉइंट (तोवर शिकलेल्या मॉडेलची जपून ठेवलेली प्रत) ठेवू नका. सगळ्यात चांगला आणि शेवटचा, असे दोन पुरतात. शनिवारी आपल्या फोल्डरवर 'डीयू' चालवून किती जागा अडली आहे ते बघा आणि झाडू मारा. डिस्क पूर्ण भरली तर कुणाचीच फाइल सेव्ह होत नाही, आणि त्या दिवशी ऑफिसात चहासुद्धा कडू लागतो.

पाळी आणि निरोप

नदीवरच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेत उसाला पाण्याची पाळी ठरलेली असते, तशी आमच्या भिंतीवर आहे. ऊसबिलं पंधरवड्याची निघतात, म्हणून हंगामात १ आणि १६ तारखेला सकाळी मशीन त्या टीमचं. बाकीच्यांनी त्या वेळी नोटबुक उघडून बघितलं तर चालेल, ट्रेनिंग लावायचं नाही. एरवी ग्रुपवर एक निरोप टाकायचा. त्यात चार गोष्टी असाव्यात: कोण, काय, किती आणि कधीपर्यंत. नमुना देते:

"फाउंड्री टीम. चिरांचं मॉडेल ट्रेन करतोय. कार्डाचे ९ जीबी, ३ प्रोसेसर. संध्याकाळी ५ पर्यंत. अडलं तर फोन करा."

'मशीन वापरतोय' एवढाच निरोप म्हणजे रुमालच.

आणि दुसऱ्याची प्रोसेस कधीही मारायची नाही, हातात अधिकार असला तरी. तुम्हाला जी निजलेली वाटते ती नऊ तासांच्या ट्रेनिंगच्या मध्ये डेटा वाचत असू शकते. आधी फोन करा. उचलला नाही तर निरोप टाकून अर्धा तास थांबा. मग मला सांगा. मी लॉग बघते, चेकपॉइंट आहे का ते बघते आणि मगच हात लावते. पोरांना हा अर्धा तास फार जड जातो. जाऊ दे.

माझे ८८ तास

दुसऱ्याचे रुमाल मोजते तर स्वतःचाही सांगायला हवा. एका नवरात्रात मी चाचणीसाठी वेगळं मोठं मशीन उघडलं, शुक्रवारी संध्याकाळी सातला. काम तीन तासांचं. सुरू करून दिलं आणि घरी गेले. मग अष्टमी, अंबाबाईची नगरप्रदक्षिणा, पाहुणे, दसरा चौकातली गर्दी. मंगळवारी सकाळी अकराला खुर्चीत बसले तेव्हा ते मशीन चालूच होतं. ८८ तास झाले होते, त्यातले ८५ फुकट. ते ८५ तास मी वहीत माझ्या एकटीच्या नावावर लिहिले.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. एकट्यानं उघडलेल्या मशीनवर स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'शटडाउन' लिहायचं, म्हणजे काम संपलं की मशीन स्वतःच झोपतं. सामायिक मशीनवर मात्र ही ओळ चुकूनसुद्धा टाकू नका, चालत्या गाडीतून सगळे खाली पडतील. तिथं मी वेगळी सोय केली आहे: कुणी लॉगिन नाही आणि प्रोसेसर व कार्ड दोन्ही अर्धा तास निवांत आहेत, तरच ते बंद होतं. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. आम्ही दिवसाला १० तास धरून २५ दिवस काम केलं तरी २५० च होतात. बाकीचे तास झोपेचे असायला हवेत.

'स्टॉप' केलं म्हणजे सगळं थांबलं असंही नाही. मशीनचं भाडं थांबतं, त्याला जोडलेल्या डिस्कचं चालूच राहतं. सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरून मशीन गाठायचा पत्ता) धरून ठेवला असेल तर त्याचंही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक आयपीव्ही-फोर पत्त्याला तासाला अर्धा सेंट पडतो, म्हणजे ३० दिवसांचे ३ डॉलर ६० सेंट. एकाचं काही वाटत नाही. आमच्याकडे विसरलेले पाच निघाले.

३९ आणि ४३

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठची माणसं ४३ ची वाट बघत बसत नाहीत, ३९ च्या आसपासच जनावरं हलवायला लागतात. बजेटच्या सूचनाही अशाच दोन लावा: एक महिन्याच्या ठरलेल्या रकमेच्या निम्म्यावर, दुसरी ८० टक्क्यांवर. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की सूचना येते म्हणून मशीन थांबत नाही. भोंगा वाजतो, पाणी चढतच राहतं. शिवाय बिलाचे आकडे काही तास उशिरानं दिसतात. निम्म्याची सूचना दहा तारखेलाच आली तर त्याच दिवशी चौघांनी बसायचं.

प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा. एकच पासवर्ड चौघांत फिरवला तर कुणाचा रुमाल ते कळत नाही. आणि क्लाउडची किल्ली, म्हणजे प्रोग्रॅमला खातं उघडून देणारा गुप्त कोड, प्रोग्रॅममध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकू नका. असल्या किल्ल्या हुडकत फिरणारे बॉट असतात, ते तुमच्या बिलावर क्रिप्टोचं खाणकाम करून मोकळे होतात.

प्रोजेक्टवाल्या पोरांसाठी थोडं. पुढं सीडॅक या सरकारी संस्थेच्या परम सुपरकॉम्प्युटरवर किंवा तसल्या मोठ्या क्लस्टरवर (जोडलेल्या मशीनच्या ताफ्यावर) काम मिळालं, तर तिथं रांग स्लर्म नावाचा प्रोग्रॅम लावतो. काम 'एसबॅच' नं रांगेत द्यायचं. तिथला लॉगिन नोड (आत शिरताना लागणारं पहिलं मशीन) म्हणजे घराचा सोपा, ओसरी. पाहुण्यानं तिथं बसायचं, चूल मांडायची नाही. फेअरशेअर (सगळ्यांना सारखा वाटा द्यायचा नियम) चालू असेल तर ज्यानं नुकतंच भरपूर खाल्लंय त्याचा नंबर मागं जातो. वेळेची मर्यादा भरताना भीतीपोटी २४ तास लिहू नका. चार तासांचं काम असेल तर पाच लिहा. लहान मागणी मधल्या फटीत बसते आणि लवकर सुटते.

काम संपवून जाणाऱ्यानं आपला डेटा उतरवून घ्यायचा, फोल्डर आणि जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) पुसायचे, स्वतःच्या किल्ल्या रद्द करायच्या आणि ग्रुपवर 'उतरलो' असं टाकायचं. मग मी लॉगिन बंद करते, वहीतलं नाव खोडते आणि भिशीतली उरलेली रक्कम परत देते. मागच्या महिन्यात एकाचे २१२ रुपये निघाले. पाकीट ड्रॉवरमध्ये आहे, तो अजून न्यायला आलेला नाही.