शेवग्याचा पाला, झाडावरून थालीपिठात

शेवग्याच्या शेंगा आपण आमटीत आवडीने घालतो, पण पाला बहुतेक घरी झाडाखालीच झडून जातो. मला याची फार हळहळ वाटते. लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व शेंगेपेक्षा पाल्यातच कितीतरी जास्त असतं. अंगण नसेल तर गच्चीवर मोठ्या ड्रममध्येही शेवगा होतो. छाटून छातीएवढा ठेवला की शेंगा कमी धरतात, पण कोवळा पाला सतत फुटत राहतो.

तयारी आदल्या संध्याकाळी. दोन-तीन कोवळ्या फांद्या तोडा. पावसाळ्यात खोडावर आणि पानांमागे केसाळ सुरवंट असतात, अंगाला लागले तर खाज सुटते, म्हणून नीट बघून हात घाला. फांद्या कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी फडक्यातच झटकल्या की बरीचशी पानं आपोआप गळतात, निवडत बसावं लागत नाही. राहिलेल्या बारीक काड्या मात्र काढाच, त्या शिजत नाहीत. पानं दोन पाण्यांतून धुऊन, निथळून चिरा.

चार थालीपिठांना दोन वाट्या भाजणी, दीड वाटी पाला आणि मूठभर कांद्याची पात घ्या. मोड आलेला कांदा कुंडीत खोचला की पात घरचीच मिळते. पाला किंचित कडसर असतो, तो या पातीने आणि चमचाभर तिळांनी सौम्य होतो. हळद, तिखट, ओवा, मीठ घाला. आता घाई करू नका: तवा गॅसवर चढवल्यावरच पीठ मळायला घ्या. मीठ लागलं की पाल्याला पाणी सुटतं आणि आधी मळून ठेवलेलं पीठ सैल पडतं. कोमट पाणी थोडं थोडं घालत भाकरीपेक्षा जरा मऊ मळा.

पोळपाटावर ओला पंचा पसरून गोळा थापा. कडा चिरल्या तर ओल्या बोटाने सांधा. मधे एक आणि भोवती चार भोकं पाडा. पंचा उचलून थालीपीठ तव्यावर उलटं टाका, कापड हलकेच सोडवा. भोकांत थेंब थेंब तेल सोडून झाकण ठेवा आणि मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं थांबा. चर्र आवाज मंदावला, कडा तांबूस होऊन सुटल्या की उलटा. दुसरी बाजू झाकण न ठेवता भाजा, म्हणजे खमंग होते.

सोबत लिंबाची फोड हवीच. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहा याच्या उलट करतो, तेव्हा तो तासाभराने घ्या.

पाला जास्त निघाला तर सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो. कुरकुरीत झाला की चुरून बरणीत भरा. फांद्यांना नवी पालवी येईपर्यंत एका थालीपिठाला एक चमचा पुरतो.