इकॉनॉमिक्सला जायचंय? मग अकरावीला एसपी की मॅथ्स ते आधी ठरवा

ऐरोलीच्या माझ्या भाच्याने यंदा दहावी दिली, त्याला इकॉनॉमिक्सच करायचंय आणि तेही चांगल्या ठिकाणी, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, ठाणे-नवी मुंबईतल्या बाकीच्या पोरांनाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट अकरावीची. कॉमर्सला मॅथ्स की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) असं विचारतात आणि कितीतरी जण "एसपीला मार्क पडतात" म्हणून एसपी घेतात. मलाही हेच सांगितलं गेलं, मी ऐकलं, आणि नंतर बीए करताना बारावीचं गणित एकट्याने बसून काढलं, अख्खं एक वर्ष गेलं त्यात. तुम्ही हे करू नका. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला सीयूईटीमध्ये (बारावीनंतरची प्रवेश परीक्षा) मॅथ्सचा पेपर द्यावाच लागतो, बाकी विषयांत कितीही हुशार असा. आर्ट्सवाल्यांनी कॉलेजात मॅथ्स मिळतंय का ते विचारूनच ऍडमिशन घ्या.

घरचे म्हणतील इकॉनॉमिक्सला एवढं गणित कशाला. तर हे बघा. समजा कांदा २० रुपयांचा ४० झाला आणि घरी महिन्याला ४ किलो यायचा तो ३ किलोच यायला लागला. भाव १०० टक्के वाढला, मागणी २५ टक्के घटली, लवचिकता (मागणीतला टक्के बदल भागिले भावातला टक्के बदल) उणे ०.२५. आता उलटं करा, भाव ४० वरून परत २० वर आला आणि कांदा परत ४ किलो, तर भाव ५० टक्के घटला, मागणी ३३ टक्के वाढली, उत्तर येतं उणे ०.६७. घर तेच, कांदा तोच, मग खरं उत्तर कुठलं? दोन्ही बरोबर आहेत कारण मागणीच्या सरळ रेघेवर लवचिकता प्रत्येक बिंदूला वेगळी असते, आणि एका बिंदूवर मोजायचं म्हटलं की डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्या बिंदूवरचा बदलाचा दर, आलाच. आणि घरचा खर्च बघा, ८० चा १२० झाला, कमी कांदा आणून जास्त पैसे गेले. भाव वाढला तरी लोक कांदा फारसा कमी करत नाहीत, म्हणून वाशीच्या एपीएमसीत आवक थोडी घटली तरी भाव एवढा का उडतो ते इथेच कळतं. मला विषय खरा आवडायला लागला तो या एका गणितापासून.

एमए-एमएससीचं थोडक्यात सांगतो. गोरेगावला आयजीआयडीआर (इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट रिसर्च) आहे, रिझर्व्ह बँकेने १९८७ ला काढलेलं, आपल्या इतकं जवळ असून आपल्याकडे फार जणांना नावच माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासूनचं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहेच. आयएसआयचा (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एमएसक्यूई, म्हणजे क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा मास्टर्स, दिल्ली आणि कोलकात्याला, तिथे ट्युशन फी नाही, वर स्टायपेंड मिळतो, पैशांची अडचण असेल तर हा फॉर्म चुकवूच नका. आयआयटी जॅममध्येही (एमएससीची प्रवेश परीक्षा) २०२१ पासून इकॉनॉमिक्सचा पेपर आहे. परीक्षेचे नियम बदलत राहतात, त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

अभ्यास कसा करायचा, तर पेन घेऊन. वाचून समजल्यासारखं वाटतं आणि पेपरात हात चालत नाही. प्रॉब्लेम सेट (सोडवायला दिलेली गणितं) आला की निदान अर्धा तास उत्तर न बघता झगडा, मग तिघं-चौघं मिळून बसा, मग घरी परत कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सोडवा. ट्रान्सहार्बर लोकलला बसायला मिळालं तर व्याख्या आणि ग्राफ बघा, गणितं मात्र टेबलावरच.

मराठी मीडियमच्या पोरांनो, इंग्रजीला घाबरू नका, शब्द दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. शिकलेलं रोज घरी मराठीत सांगून बघा. मार्जिनल कॉस्ट आईला सांगायची तर, वडापाववाल्याने १०० वडे तळले, गाडीचं भाडं दिलेलं आहे, कढई तापलेली आहे, आता १०१ व्या वड्याला फक्त जास्तीचा बटाटा, बेसन, तेल आणि जरासा गॅस, तेवढीच मार्जिनल कॉस्ट. असं सांगता येईना तर तो चॅप्टर झालेला नाही.

आणि पहिल्या मिडटर्मला मार्क पडतील कमी, बारावीला टॉपर असलेल्यांनाही पडतात. तेव्हा पेपर बॅगेत दडवून ठेवू नका, त्याच आठवड्यात सरांकडे किंवा टीएकडे (सरांचे टीचिंग असिस्टंट) घेऊन जा आणि नेमकी कुठल्या ओळीला चूक झाली ते विचारा.