शोरूमच्या कार्डावर लेट फी लागली तर आधी तारीख मोजा
गणपतीआधी रत्नागिरीत एका शोरूमच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढून मिक्सर घेतला, बिल आलं ईमेलवर आणि पावसाने गावातली रेंज गेलेली, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर, जाऊन पैसे भरले तोवर दोन दिवस उलटले, तर लेट फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी! शोरूमवाले हात वर करतात, कारण नाव दुकानाचं असलं तरी कार्ड बँकेचं असतं. आरबीआयच्या नियमाने ड्यू डेटनंतर ३ दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते, तीही थकलेल्या रकमेवरच. म्हणून गप्प भरू नका हो, पेमेंटचा स्क्रीनशॉट जोडून बँकेला लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या आरबीआय लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट होते.