वाडीत बचत गट उभा करताना : पहिले सहा महिने

हातावर पोट असलेल्या घराची कोंडी बहुतेकदा छोट्या रकमेपाशी होते. आजारपण येतं, बियाणं घ्यायचं असतं, आणि तीन हजारांसाठी दागिना गहाण पडतो किंवा ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली जाते. ही रक्कम वाडीतच, वेळेवर मिळावी यासाठी गट असतो. अनुदानाच्या आशेने जमवलेला गट अनुदान मिळालं की पांगतो.

सदस्य. 10 ते 20 बायका, एकाच वस्तीतल्या, एका घरातून एकच. विधवा, एकट्या आणि भूमिहीन बायकांच्या दारी आधी जा. हप्ता झेपेल का या धास्तीने त्या आपणहून येत नाहीत. म्हणून बचतीची रक्कमही त्यांनाच विचारून ठरवा.

बैठक. दर आठवड्याला, वार आणि वेळ पक्की. मजुरीच्या दिवसांत रात्रीची. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष निवडा, नावाचा ठराव लिहा आणि बँकेत बचत खातं उघडा. खातं उघडताना सगळ्या सदस्यांची कागदपत्रं लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची पुरतात. शाखेत अडवलं तर रिझर्व्ह बँकेचा हा नियम दाखवा. गावात 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची प्रेरिका (गावपातळीवरची कार्यकर्ती) असेल तर तिच्याकडे गटाची नोंदणीही करून घ्या.

अंतर्गत कर्ज. गटाचा जीव इथे आहे. 12 जणींनी आठवड्याला 50 रुपये टाकले तर 600 जमतात, 26 आठवड्यांत 15,600. ते खात्यात पडून ठेवू नका. महिना-दीड महिन्यात पहिलं कर्ज द्या. कोणाला आधी, हे बैठकीत सगळ्यांसमोर ठरवा : दवाखाना आधी, सण नंतर. महिना 2 टक्के व्याज ठेवलंत तर ते उरलेल्या मुद्दलावरच लावा. 5,000 रुपये दहा हप्त्यांत फेडताना पहिल्या महिन्याला 500 मुद्दल आणि 100 व्याज, दुसऱ्याला व्याज 90, असं उतरत एकूण व्याज 550 होतं. दर महिन्याला पूर्ण रकमेवर आकारलं तर तेच 1,000 होतं, आणि फटका सगळ्यात गरजू बाईला बसतो. व्याज गटातच राहतं, पण जास्त भरते तीच, जिला कर्ज वारंवार लागतं.

हिशोब. इतिवृत्त, रोकड वही, बचत-कर्ज नोंदवही आणि प्रत्येकीचं पासबुक. नोंद बैठकीतच करा आणि मोठ्याने वाचा. लिहिता न येणारीलाही आपला आकडा पाठ हवा. अनेक गट मोडतात ते वह्या एकाच घरात राहिल्याने किंवा सचिवाच्या नवऱ्याने त्या लिहिल्याने. शंका आली की बायका आधी हप्ता थांबवतात, भांडण नंतर होतं. हप्ता चुकला तर दंडाआधी घरी जाऊन कारण विचारा. काम मिळालं नसेल तर मुदत वाढवून तसा ठराव घाला.

बँक. सहा महिने बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही पंचसूत्री पाळली की कर्जाचा अर्ज करा. दीनदयाळ अंत्योदय योजनेत ('उमेद' जिच्याखाली चालतं ती केंद्राची योजना) पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांतलं जे जास्त असेल ते. 10 लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, गटाची बचतही अडकवून ठेवता येत नाही.

बँकेच्या कर्जाची रक्कम समान वाटून घेण्याचा मोह होतो, तो टाळा. जिला गरज नव्हती तिचे पैसे घरखर्चात जातात आणि थकबाकी साऱ्या गटावर येते. कोण शेळ्या घेणार, कोण शिलाई मशीन, महिन्याला किती सुटणार, हे आधी लिहून घ्या आणि हप्ता त्या कमाईच्या आत बसवा. दुसऱ्या वित्तकंपनीचा हप्ता चालू असेल तर तोही त्याच कागदावर मांडा.