अडकलेली टेनिस लॅडर अशी हलवली

कॉलेजच्या मुलांची हौशी लॅडर, म्हणजे जिंकत वर चढायची खेळाडूंची क्रमवार यादी, आम्ही दिवाळीनंतर सुरू केली. मुंबईच्या पावसात कोर्टाचा भरवसा कोण देणार! नियम सोपा: आपल्यापेक्षा तीन जागा वरपर्यंत कुणालाही आव्हान द्यायचं. जिंकलात तर त्याची जागा तुमची, मधले सगळे एकेक पायरी खाली. हरलात तर यादी जैसे थे.

पण वरचे हलेनात. "आज सबमिशन आहे", "उद्या व्हायवा". पहिल्या नंबरचा गडी तर न खेळताच राजा! खालची पोरं वैतागली.

मग मुदत घातली: सात दिवसांत खेळा, नाहीतर समोरच्याला पुढे चाल. परीक्षेच्या काळात मात्र घड्याळ बंद.

खरी गोम होती वेळेची. एक विरारचा, दुसरा पनवेलचा, आणि कोर्ट मिळणार तासभर. त्यात तीन पूर्ण सेट कसे बसणार? म्हणून फास्ट-फोर घेतलं: आधी चार गेम जिंकेल त्याचा सेट, ३-३ झाले की टायब्रेक (नुसते पॉइंट मोजून निकाल), ड्यूसला म्हणजे ४०-४० ला एकच निर्णायक पॉइंट. सेट १-१ झाले तर तिसऱ्याऐवजी १० पॉइंटचा टायब्रेक, दोनच्या फरकाने. रविवारची मॅच ठरवण्याआधी लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) बघा, हेही नियमात लिहिलं. पोरं हसली, पण 'ट्रेन नव्हती'ची सबब बंद झाली.

बॉलचा नवा डबा आव्हान देणाऱ्याने आणायचा, स्कोअर जिंकणाऱ्याने त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. आमचा राजा सध्या सहाव्या पायरीवर आहे आणि स्वतःच आव्हानं देत फिरतोय.