फोलिक अ‍ॅसिडची गोळी कधी सुरू करावी, किती घ्यावी

मूल हवे असे ठरले की त्याच आठवड्यात फोलिक अ‍ॅसिड (ब गटातील एक जीवनसत्त्व) सुरू करावे. नागपुरात गर्भवतींना समुपदेशन करताना सर्वांत जास्त घोळ मी याच पायरीवर होताना पाहते.

गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या मज्जानलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते. खालचे टोक उघडे राहिल्यास स्पायना बायफिडा (पाठीचा कणा नीट न जुळणे) आणि वरचे राहिल्यास अ‍ॅनेन्सेफली (मेंदू व कवटी नीट न घडणे) हे व्यंग उद्भवते. ते टाळण्यासाठीच फोलिक अ‍ॅसिड घ्यायचे. आता कॅलेंडर समोर ठेवून मोजावे. पाळी चुकते त्या दिवशीच गर्भ दोन आठवड्यांचा असतो. पुढे आठ-दहा दिवस वाट पाहण्यात, घरी चाचणी करण्यात आणि तिसरा महिना लागेपर्यंत कोणाला न सांगण्याचा रिवाज पाळण्यात उरलेले दोन आठवडे सरतात, आणि मेडिकलला (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा डागा रुग्णालयात नाव नोंदवल्यावर मिळालेली गोळी या नलिकेसाठी उशिराची ठरते. म्हणून ‘दिवस राहिल्यावर डॉक्टर देतीलच’ हा सल्ला मी धोकादायक मानते. गोळी किमान एक महिना, शक्यतो तीन महिने आधीपासून घ्यावी आणि गर्भारपणाचे 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी. पूर्वी असे व्यंग असलेला गर्भ राहिलेल्या स्त्रियांमध्ये, गर्भधारणेआधीपासून रोज 4 मिलिग्रॅम घेतल्यास पुनरावृत्तीचा धोका 72 टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1991 मधील अभ्यासाने दाखवले. धोका शून्यावर मात्र येत नाही, कारण या व्यंगांना इतरही कारणे असतात.

रोजची मात्रा 400 मायक्रोग्रॅम. औषधाच्या दुकानात बहुधा 5 मिलिग्रॅमची पट्टी हातात पडते आणि ती मात्रा बारापटीहून अधिक असते, त्यामुळे पट्टीवरचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत. आधीच्या गर्भात असे व्यंग असल्यास, मधुमेह असल्यास, फिटसाठी व्हॅल्प्रोएटसारखे औषध चालू असल्यास किंवा विदर्भात बऱ्याच घरांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्यास मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. फिटचे औषध मनाने बंद करू नये.

संत्री, पालक, हरभरा जरूर खावे. पण त्यांवर विसंबून गोळी टाळू नये, कारण पालेभाजी उकळताना त्यातील बरेच फोलेट (अन्नातील याच जीवनसत्त्वाचे रूप) नष्ट होते.

दिवस आधीच राहिले असतील तर आजच सुरुवात करावी आणि 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये.